ताणावर सोडलेला बगीचा

संत्र्याला फुलं कशी आणतात हे आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, पण बाहेरच्या माणसाला सांगितलं तर त्याचा आधी विश्वास बसत नाही. फुलं हवी असतील तर झाडाचं पाणी तोडावं लागतं. संत्र्याचं झाड आपल्या मर्जीवर सोडलं तर ते वर्षभर थोडीथोडी फुलं धरतं आणि तोडणीच्या वेळी एकाच फांदीवर पिकलेलं, कच्चं आणि फूल असं सगळंच दिसतं. म्हणून डिसेंबर लागला की आम्ही मोटर बंद करतो. हलक्या जमिनीत महिनाभर, काळ्या भारी जमिनीत दीड महिना. नवी फूट थांबते आणि पानांनी केलेलं अन्न फांद्यांत साठून राहतं. पानांची चमक जाते, दुपारी ती मधल्या शिरेवर दुमडतात, काही पिवळी होऊन पडतात. चौथा हिस्सा पानं पडली की बस. मग वखरणी करायची, खत द्यायचं, आधी हलकं पाणी, आठवड्याने भरपूर पाणी. दोन-तीन आठवड्यांत सगळं झाड एकदम पांढरं होतं. हा आंबिया बहार. पाणी तोडून ठेवण्याच्या काळाला आम्ही ताण म्हणतो.

माझे वडील याचं कारण एका वाक्यात सांगत. "झाडाले भेव दाखवा लागते. आता आपण मरतो असं त्याले वाटलं का मंग ते पोरं मागते." पुढे मी याबद्दल जे काही वाचलं, त्यात भाषा वेगळी होती, अर्थ जवळजवळ हाच.

वडील गेल्यावर बगीचा आईने सांभाळला. दोन एकर, दोनशे साठ झाडं, एक विहीर आणि बांधाला लागून दोन खोल्या. मी आणि माझी बायको सौंसरला राहतो. हमरस्त्यावरच्या एका धरमकाट्यावर मी वीस वर्षांपासून वजनं करतो. कापसाचे, संत्र्याचे, गिट्टीचे ट्रक. आम्ही आईला किती वेळा म्हटलं की आमच्याकडे ये. ती म्हणायची, "बगीचा हाये तवरी मी अठीच. बगीचा नसन तवा पाहू." हे ती भांडून म्हणत नसे. भाजी निवडता निवडता म्हणायची, पण त्यावर पुढे बोलायला जागा नसायची.

आईला प्रत्येक गोष्ट कशी चालते ते समजून घ्यायची सवय होती. फ्रिज आतून थंड आणि मागून गरम का, मोबाईलला तार नसताना आवाज कुठून येतो, चंद्र दिवसा का दिसतो. मी जाईन तेव्हा एक तरी प्रश्न तयार असायचा. मी सांगायचो, ती ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "पटलं नाही, पण बरं सांगतलं." एकदा काट्यावर आली होती तेव्हा तिने विचारलं, "एवढा ट्रक कोण उचलून पाह्यते रे?" मी तिला दाखवलं. लोखंडी फलाटाखाली कोपऱ्याकोपऱ्यांत पोलादाचे ठोकळे असतात. ट्रक चढला की ते केसाहूनही कमी दबतात. त्यांना चिकटवलेल्या बारीक तारांतून वीज जाते. तार दबली किंवा ताणली की वीज जाण्यात फरक पडतो आणि तो फरक आत खिडकीत आकडा होऊन दिसतो. आधी भरलेला ट्रक, मग रिकामा, वजाबाकी म्हणजे माल. ती स्वतः फलाटावर जाऊन उभी राहिली. आकडा हलला नाही. "म्हणजे मी काहीच नाही का?" असं म्हणून ती खूप हसली. मी म्हटलं, "आई, हा काटा दहा किलोच्या टप्प्याने मोजतो, तुझं वजन पन्नास तरी आहे, थांब, खराब झाला की काय." मी तपासायला खाली वाकलो, तर फलाटाच्या कडेला खडा अडकला होता. खडा काढल्यावर पन्नास आले. त्या दिवशी मी सकाळपासूनच्या सगळ्या ट्रकवाल्यांना फोन केले होते. ते असो.

त्या वर्षी पाऊस कमी होता, पण दिवाळीला विहिरीत पाणी चांगलं होतं. विहीर अठ्ठेचाळीस फूट. दिवाळीच्या पाडव्याला मी दोरीला दगड बांधून मोजलं, तर तीस फूट पाणी उभं. एवढ्यात मार्चअखेरपर्यंत निघालं असतं, पुढे झऱ्यांवर भागवायचं, हा दरवर्षीचा हिशोब. डिसेंबरात आईने आणि मी झाडं ताणावर सोडली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं त्यावरच फिरलं. ताणाच्या काळात विहिरीत कोणी पाहत नाही. मोटर बंद, काम नाही, मग कठड्याशी कशाला जायचं? घरी प्यायचं पाणी गावच्या हातपंपावरून यायचं. डोळे सगळे झाडाकडे असतात. पान किती दुमडलं, किती पडलं. पाणी तर आपण वाचवून ठेवलंय, ते कुठे जातंय, असंच सगळे धरून चालतात. आमच्या भागातल्या कोणत्याही बगीचेवाल्याने त्या दीड महिन्यात विहीर मोजलेली मी ऐकली नाही. मीही मोजली नाही.

ताण तोडायचा दिवस आमच्याकडे थोडा सणासारखा असतो. आईने स्टार्टरच्या पेटीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, माझ्या बायकोने करून आणलेल्या पुरणपोळीचा तुकडा विहिरीच्या काठावर ठेवला. झाडं अगदी हवी तशी झाली होती. मी हिरवं बटन दाबलं. पाणी आलं, पहिल्या ओळीच्या आळ्यांत शिरलं आणि तासाभरात पाइप खोकायला लागला. पाणी, हवा, पाणी, हवा. मग फक्त हवा.

"पाइपाच्या टोकाले, फुटव्हॉलमंधी कचरा अटकला असन," आई म्हणाली.

मी विहिरीत डोकावलो. पाणी खूप खाली होतं. दगड सोडला, दोरी ओली झाली ती चार फुटांच्या खूण-गाठीपर्यंत. आणि ते चार फूटही पंपाला मिळणार नव्हते. पंप विहिरीच्या भिंतीतल्या टप्प्यावर होता आणि पाणी त्याच्या सव्वीस फूट खाली गेलं होतं. पंप खाली उतरवला असता तरी ते चार फूट पाणी एका दिवसात संपलं असतं.

"मोटर तं चालून राहिली ना," आई म्हणाली. "मंग ओढत काऊन नाही?"

मी तिला सांगितलं, कारण तिने विचारलं होतं आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. पंप पाणी ओढत नाही. तो फक्त नळीतली हवा काढतो. बाहेर विहिरीच्या पाण्यावर सगळ्या आभाळाच्या हवेचं वजन असतं, ते वजन पाण्याला नळीत वर ढकलतं. पण हवेचं वजन ठरलेलं आहे. कागदावर ते पाण्याला तेहतीस फूट वर नेतं, प्रत्यक्षात पंचवीसच्या आसपास दम संपतो. त्याच्या खाली मोटर कितीही मोठी लावली तरी उपयोग नाही.

आई आभाळाकडे पाहत राहिली. "एवढं मोठं आभाळ," ती म्हणाली, "अन् एक फूट कमी पडलं."

शेजारच्या शेतात एक काकाजी होते, वडिलांच्या वयाचे, थट्टेखोर. त्यांनी त्याच पावसाळ्यानंतर सहाशे फुटांचा बोर मारला होता. मी त्यांच्याकडे गेलो तर ते खाटेवर बसून तूर सोलत होते.

"काय काटेवाले, आज पाणी तोलाले आले का?"

मी सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. आमच्याकडे वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पत्थर. पाणी पत्थरात नसतं, त्याच्या भेगांत असतं. भेगा एकमेकींना जोडलेल्या असतात आणि त्यांना बांध माहीत नसतो. त्यांचा बोर गव्हासाठी रात्रंदिवस चालला होता, आणि आमच्या विहिरीचे झरे आमच्याकडे यायच्या ऐवजी तिकडे वळले होते. हे मी बोललो नाही. त्यांनीच म्हटलं.

"तुह्या विहिरीचं पाणी म्या पेलो म्हणजे."

"तुम्ही नाही काकाजी. दगडाने पाणी वाहून नेलं."

"दगडाचं नाव कायले घेतं? मोटर तं माहीच होती ना."

त्यांनी लगेच पाइप जोडून दिला. दोन दिवस त्यांच्या बोरचं पाणी आमच्या झाडांना आलं. चार ओळी झाल्या. तिसऱ्या दिवशी त्यांचाही बोर गढूळ पाणी टाकू लागला, मग थांबून थांबून. त्यांची स्वतःची तीनशे झाडं होती. आईनेच जाऊन पाइप काढला. "त्याहिचे झाडं काऊन मारावं?" ती म्हणाली.

मग आम्हीही बोर मारायचं ठरवलं. आईने पाणी पाहणारा माणूस बोलावला. तो तळहात सपाट ठेवून त्यावर नारळ आडवा धरून शेतात चालतो, आणि जिथे नारळ उभा राहतो तिथे पाणी, असं मानतात. नारळ खरंच उभा राहतो, मी स्वतः पाहिलं आहे. आडवा नारळ तळहातावर फारच नाजूक तोलात असतो. हाताचे स्नायू नकळत जरासे हलले तरी तो फिरतो, आणि धरणाऱ्याला आपण हलवलं असं वाटतही नाही. माणूस लबाड नव्हता. मी आईला हे सगळं हळू आवाजात सांगत होतो.

"पटलं," आई म्हणाली. मला आश्चर्य वाटलं, कारण ती असं कधी म्हणत नसे. मग म्हणाली, "तं मंग तू सांग. कोठी हाये पाणी?"

नारळ चुकीचा का हे मला माहीत होतं. बरोबर काय ते माहीत नव्हतं. बांधापासून अकराव्या झाडाजवळ नारळ उभा राहिला तिथे आम्ही चुन्याने फुली मारली.

बोरची गाडी सकाळी आली. तिच्या दांड्या वीस वीस फुटांच्या असतात, एक खाली गेली की तिच्यावर दुसरी जोडतात. खाली हातोडा पत्थर फोडतो आणि दांडीतून सोडलेली जोरदार हवा तो चुरा वर फेकते. चुऱ्यावरूनच खाली काय आहे ते कळतं. चुरा ओला झाला, गाऱ्यासारखा आला की पाणी जवळ. पहिले काळी माती, मग पिवळा मुरूम, मग राखेसारखी कोरडी पूड. एकशे चाळीस फुटांवर लाल माती लागली तेव्हा गाडीवाला म्हणाला, "माँजी, अब आएगा." आई उठून उभी राहिली. लाल माती वीस फुटांत संपली. परत राख. तीनशे. चारशे. आई प्रत्येक दांडीला पुढे जाऊन चुरा मुठीत घेऊन दाबायची. मूठ उघडली की तो वाऱ्यावर जायचा. पाचशे साठ फुटांवर गाडीवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी हात हलवला.

मशीन बंद झाल्यावर पाहिलं तर अर्ध्या बगीच्यावर ती करडी पूड बसली होती. ताणाने दुमडलेली पानं, आणि प्रत्येक दुमडीत पूड. आई पदराने एका फांदीची पानं पुसत होती. दोनशे साठ झाडांची पानं कोणी पुसत नाही, हे तिला कळत नव्हतं असं नाही.

टँकरचा हिशोब मी तिथेच उभ्या उभ्या केला. या वाढीच्या झाडाला फेब्रुवारीत रोज ऐंशी लिटर धरलं तर दोनशे साठ झाडांना वीस हजार आठशे लिटर. पाच हजारांच्या टँकरने रोज चार खेपा, तेही मे महिन्यात दुप्पट होणार. त्या दिवसांत पूर्ण गावाला दोन दिवसांत एक टँकर येत होता, तोही पिण्याचा. मी म्हटलं, "आई, सगळी नाही वाचणार. वीस-पंचवीस झाडं निवडू. हातपंपाच्या पाण्यावर तेवढी जगवू."

"कोणते?"

"तू सांग."

ती म्हणाली, "तू म्हणतं तसं मले नाही जमत." दुसऱ्या दिवसापासून ती हातपंपावरून दोन गुंडी पाणी आणायची आणि रोज वेगळ्या झाडाला घालायची. दोन गुंडी म्हणजे तीस लिटर. एका झाडाची पाळी पुन्हा यायला नऊ महिने लागले असते. मी तिला हे एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

शनिवारी ती जामसांवलीच्या मारुतीला जाऊन आली. येताना छोट्या बाटलीत तीर्थ आणलं. मला म्हणाली, "विहिरीत तू टाक. तुह्या हातानं." मी टाकलं. खोल तळाशी ते पडल्याचा आवाजही आला नाही. "मापू नको," ती म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं. तिला माझी सवय माहीत होती.

फेब्रुवारीच्या मध्यात एका दुपारी अवकाळी पाऊस आला. वीसेक मिनिटं, जोराचा. पानांवरची पूड धुऊन गेली, आळ्यांत वीतभर पाणी साचलं. आई पावसात उभी राहिली होती असं काकाजींनी मला फोनवर सांगितलं. "तुही माय भिजून राहिली अन् हासून राहिली," ते म्हणाले, "तू ये बाप्पा लवकर, नाहीतं मलेही भिजवते."

पंधरा-सतरा दिवसांनी बगीचा फुलला. असा बहार मी माझ्या आयुष्यात पाहिला नव्हता. पान दिसत नव्हतं. हमरस्त्यापर्यंत वास जायचा, मोहगावकडे जाणारे लोक मोटारसायकल थांबवून पाहायचे. "भल्ला बहार आला मावशी! काय टाकलं?" आई दारात खुर्ची टाकून बसायची आणि प्रत्येकाला सांगायची, "जामसांवलीवाल्यानं दिलं." माझी बायको आली होती, तिने ओंजळभर फुलं वेचून देवासमोर ठेवली. मधमाश्यांचा आवाज खोलीत ऐकू यायचा.

आईने मला जवळ बसवलं. "आता सांग, हे कसं झालं? तुले तं सगळं समजते."

मला समजत होतं. झाडं ताणाच्या हद्दीपलीकडे गेली होती. इतका बहार ताण जास्त झाल्याचीच खूण असते. फांद्यांत साठलेलं होतं नव्हतं ते सगळं झाडांनी एकाच वेळी फुलांत ओतलं होतं, कारण वीस मिनिटांच्या पावसाने त्यांना वाटलं की पाणी आलं. विहिरीत त्या दिवशी सकाळी मी मोजलं होतं. पाच फूट. वडिलांचं वाक्य मला आठवत होतं. तिलाही आठवत असणार, पण ती त्या वाक्याजवळ गेली नाही आणि मीही तिला नेलं नाही.

"पाऊस चांगला आला म्हणून," मी म्हणालो.

"एवढंच?"

"एवढंच."

"आज बरं नाही सांगतलं," ती म्हणाली आणि परत फुलांकडे पाहू लागली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात फुलं पडली. काही फुलांना फळ धरलं, ती फळं मसुराएवढी झाली आणि तीही पडली. झाडाखाली चालताना पायाखाली बारीक खडे आल्यासारखं वाटायचं. मग पानं गेली. एप्रिलमध्ये शेंड्याकडून फांद्या वाळायला लागल्या. काकाजींच्या बोरचं पाणी थांबून थांबून का होईना, टिकलं, त्यांची निम्मी झाडं वाचली. आमची चार ओळींतली काही मे महिन्यापर्यंत हिरवी होती. पावसाळा वेळेवर आला, पण तोवर मी नखाने साल खरवडून पाहिली होती. आत हिरवं नव्हतं, तपकिरी होतं, एकूण एक झाडाचं. आई गुंडी घेऊन हातपंपावर जायची ते तिने कधी बंद केलं ते मला नक्की सांगता येत नाही. एका रविवारी गेलो तर गुंडी पालथी घालून ठेवलेली होती.

ती आमच्याकडे आली ती पावसाळ्यातच. सामान थोडं होतं. आल्यावर दोन दिवस ती नळ चालू करून पाहायची, बंद करायची.

झाडं तोडायला विटभट्टीवाला आला. त्याच्या ट्रॉल्या आमच्याच काट्यावर वजनाला आल्या, जवळ दुसरा काटा नाही. पहिली ट्रॉली फलाटावर चढली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. बुंधे, जाड फांद्या, एका बुंध्याला आईने जामसांवलीहून आणून बांधलेला लाल दोरा अजून होता. ट्रॉली काठोकाठ भरलेली होती. अशी भरलेली संत्र्याची ओली लाकडं मी अनेकदा तोलली आहेत, डोळ्यांनी अंदाज येतो. पाच टनांच्या आसपास असायला हवी होती. भरलेल्या वजनातून रिकामं वजा केलं तर दोन हजार नऊशे ऐंशी किलो आले. मी ट्रॉली मागे घ्यायला लावली, फलाटाच्या चारी कडा तपासल्या, पुन्हा चढवली. दोन हजार नऊशे ऐंशी.

संध्याकाळी घरी गेलो. आई ओट्याजवळ खाली बसून लसूण सोलत होती.

"ट्रॉली गेली?"

"हो."

"किती भरलं?"

मी आकडा सांगितला.

"इतकंच?" ती म्हणाली. "मोठी ट्रॉली होती म्हणून काकाजीनं सांगतलं."

मी तिला समजावून सांगायला लागलो. जिवंत झाडाच्या लाकडात जवळजवळ अर्धं वजन पाण्याचं असतं. तोडल्यावर ते हळूहळू उडतं, चार-पाच महिने लागतात. ही लाकडं मात्र तोडली त्याच दिवशी कोरडी होती. म्हणजे त्यांच्यातलं पाणी उभ्यानेच... मी थांबलो.

तिच्या हातातली पाकळी अर्धी सोललेली राहिली.

"म्हणजे फुलं आले तवाच ते मेले होते," ती म्हणाली.

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"तुले माहीत होतं."

"हो."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं ती रागावेल, आणि रागावली असती तर बरं झालं असतं. तिने लसूण सोलून वाटीत टाकला आणि दुसरी पाकळी घेतली.

"पटलं," ती म्हणाली.

त्यानंतर तिने मला कोणतीही गोष्ट कशी चालते ते विचारलेलं नाही. मी कधी आपणहून सांगायला लागलो, की पावसाआधी मुंग्या वर का येतात, की नवा कुकर शिटी कशी देतो, तर ती ऐकून घेते, मान हलवते आणि सांगून झालं की उठून आत जाते.